तिवईची कुळकथा

राजांच्या सिंहासनांचीं वर्णनें बखरींतून वाचावयास मिळतात. वाड्यांचे खांब, तुळया आणि नक्षीदार महिरपी यांचीही दखल इतिहासकारांनीं थोडीबहुत घेतली आहे. परंतु पलंगाच्या उशाशीं किंवा ओसरीच्या कोपऱ्यांत उभी असणारी जी बुटकी लांकडी वस्तु पाण्याचा गडवा, पानाचें तबक, औषधाची बाटली आणि वाचतां वाचतां उपडें ठेवलेलें पुस्तक यांचा भार पिढ्यान् पिढ्या मुकाट्यानें वाहत आली, तिची कुळकथा सांगावी असें फारसें कोणाच्या मनांत आलेलें दिसत नाहीं. तिला तिवई म्हणा, घडवंची म्हणा, चौरंग म्हणा कीं आजच्या बोलींत टीपॉय म्हणा. तिच्या पायांशीं बराच इतिहास बसलेला आहे. वऱ्हाडांतील खामगांव हें गांव तो इतिहास पाहण्यास सोयीचें आहे. जुनें बलुतें, कापसाचा बाजार, आगगाडी, राष्ट्रीय शिक्षण आणि चांदीची कारागिरी हीं सर्व तेथें एकाच वेशीच्या आंत भेटतात.

महाराष्ट्रांतील जुनें घर जमिनीशीं जवळीक ठेवून जगत असे. जेवण जमिनीवर, निजणें जमिनीवर अथवा बाजेवर, लेखन मांडी घालून आणि पूजा पाटावर बसून होई. कमरेइतक्या उंच मेजाची त्या घराला गरजच नव्हती. गरज होती ती वीतभर ते हातभर उंचीच्या वस्तूंची. आणि प्रत्येक वस्तूला तिच्या कामाप्रमाणें वेगळें नांव होतें. बसावयाचा तो पाट. त्याला पाय नसत. जमिनीची ओल वर चढूं नये म्हणून खालीं दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असत. सपाट माथ्याचा आणि चार पायांचा तो चौरंग. देवाची मूर्ति, सत्यनारायणाचा कलश आणि मंगल स्नानास बसणारा नवरा मुलगा या सर्वांना तो सारखाच चाले. पाण्याच्या घागरी ठेवावयाची ती घडवंची. घड्यांचा मंच हा अर्थ त्या शब्दांतच सांठविलेला आहे. तिच्या माथ्यावर अखंड फळीऐवजीं अंतरा-अंतरानें पट्ट्या बसवीत, म्हणजे घागरींतून पाझरणारें पाणी न सांचतां खालीं गळून जाई. ताट किंवा शंख ठेवावयाची ती अडणी. आणि तीन पायांची ती तिवई. संस्कृतांतील ‘त्रिपाद’ या शब्दाशीं तिचें नातें उघड आहे. एकच टेबल सर्व कामांना पुरावें, ही कल्पना या घरांत फार मागाहून आली.

तिवईला तीनच पाय कां असावेत, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचें उत्तर पायांखालच्या जमिनींत आहे. कोणत्याही तीन बिंदूंतून एक पातळी जातेच जाते, हें भूमितीचें तत्त्व आहे. म्हणून तीन पायांची वस्तु उंचसखल जागेवर ठेवली, तरी तिचे तिन्ही पाय टेंकतात. चौथा पाय आला कीं तो अधांतरीं राहण्याचा संभव उत्पन्न होतो, आणि वस्तु डुगडुगूं लागते. शेणानें सारवलेली जमीन आधींच अगदीं सपाट नसते. त्यांत वऱ्हाडची भूमि कपाशीच्या काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते, आणि उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा भूमीवर उभें असलेलें घर ऋतूंबरोबर किंचित् वरखालीं होत असतें. त्या घरांत तीन पाय हें शहाणपण होतें. मात्र तिवईंत एक उणेंही आहे. वजन तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर पडलें कीं ती कलंडते. म्हणून जुने सुतार तिचे पाय सरळ उभे न ठेवतां बाहेरच्या बाजूस थोडे फांकवीत. पुढें ओसरीवर आणि माजघरांत शहाबादी फरशी आली, तेव्हांच चौथ्या पायाला निर्धास्तपणें टेंकण्यास जागा मिळाली.

ही वस्तु घडवीत असे तो गांवचा सुतार. वऱ्हाडांत त्याला वाढई असेंही म्हणतात. बारा बलुतेदारांमध्यें त्याचें स्थान थोरल्या ओळींत होतें, कारण त्याच्यावांचून शेत चालत नसे. नांगर, वखर, तिफण आणि बंडी यांची नीगा राखणें हें त्याचें मुख्य काम. मृगाचा पाऊस जवळ आला म्हणजे त्याच्या दारीं शेतकऱ्यांची रीघ लागे. त्याचा मोबदला त्याला त्या दिवशीं मिळत नसे. तो खळ्यावर ज्वारीच्या राशींतून मिळे. चौरंग, पाट आणि घडवंची हीं कामें त्यानें हंगाम संपल्यावर, लग्नसराईच्या आधीं करावयाचीं. लांकूडही ज्याचें त्यानें आणून द्यावयाचें. शेताच्या बांधावरची बाभूळ औतांना जाई. घरगुती वस्तूंना निंब आणि आंबा चाले. ज्याची ऐपत असे तो सातपुड्याच्या आणि मेळघाटाच्या जंगलांतील साग मिळवी. या व्यवस्थेंत सुतार उपाशी मरत नसे, आणि श्रीमंतही होत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत बलुत्याचें जें बारकाईनें केलेलें वर्णन आहे, त्यावरून त्या पद्धतीची सोय जशी कळते, तशी तिची कुचंबणाही कळते. चांगल्या कामाला जास्त दाणे मिळण्याची सोय तींत फारशी नव्हती. आपल्या हातून उत्तम चौरंग उतरला, याचें समाधान एवढाच अधिक मोबदला.

सुतारानें चौरंग कसा करावयाचा, हें कोठल्या पोथींत लिहिलेलें नव्हतें. बाप काम करी व मुलगा बघे, इतकाच त्या विद्येचा परिपाठ. तिचें पहिलें कलम लांकडाच्या स्वभावाविषयीं होतें. कापलेलें झाड मेलें तरी त्याचें लांकूड जिवंतासारखें वागतें. हवेंत ओल वाढली कीं तें फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. आणि तेंही सर्व दिशांनीं सारखें नव्हे. तंतूंच्या लांबीच्या दिशेनें तें जवळजवळ हलत नाहीं. रुंदीच्या दिशेनें हलतें. साग हा या बाबतींत फार शांत समजला जातो. तरी ओलें लांकूड पूर्ण वाळेपर्यंत तोही वर्षवलयांच्या दिशेनें शेंकडा ५ ते ६ आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेनें शेंकडा २ ते ३ इतका आकसतो. खामगांवचा वैशाख आणि खामगांवचा श्रावण यांच्या हवेंत जमीन-अस्मानाचें अंतर. त्यामुळें अठरा इंच रुंदीचा मुरलेला सागवानी माथादेखील वर्षांतून एकदोन सूत पुढेंमागें होतो. सुताराच्या मापांत आठ सुतांचा एक इंच. एकदोन सूत म्हणजे फार नव्हे. परंतु तेवढी जागा ज्यानें ठेवली नाहीं, त्याच्या फळीला चीर गेलीच म्हणून समजावें.

म्हणून जुन्या घडणीचें सारें मर्म बांधण्यांत जितकें, तितकेंच मोकळें सोडण्यांत आहे. प्रथम लांकूड सांवलींत, हवेशीर जागीं, खालीं आडव्या काठ्या घालून महिनोन् महिने मुरत ठेवावयाचें. मग वाकसानें तासून आणि करवतीनें कापून चार पाय काढावयाचे, रंध्यानें ते साफ करावयाचे आणि गुण्या लावून काटकोन तपासावयाचा. पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्यांच्या टोकांना कुसू काढावयाचे. पायांत किकऱ्यानें आणि पटाशीनें त्यांच्या मापाच्या खांचा पाडावयाच्या. कुसू खांचेंत हातानें अर्धा जावा आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यांनीं पुरा बसावा. सैल बसला तर चौकट खिळखिळी होते. फार घट्ट बसला तर पाय उकलतो. नंतर सांध्यांतून आरपार भोंक पाडून त्यांत लांकडाची किंवा बांबूची मेख ठोकावयाची. भोंकासाठीं सामता असे: धनुकलीची दोरी गुंडाळून पुढेंमागें फिरविण्याचें तें साधें हत्यार. अशा सांध्याला खिळ्याची गरज नाहीं आणि सरसावरही त्याची भिस्त नाहीं. सरस ओलीनें सुटतो, खिळा गंजतो. मेख मात्र लांकडाबरोबर फुगते व त्याच्याबरोबरच आकसते. शेवटीं माथा. तो चौकटीवर खिळ्यांनीं जखडून टाकणें ही नवशिक्याची चूक. जाणता सुतार तो खालून खांचेंत सरकणाऱ्या पट्ट्यांवर धरी, म्हणजे तो जागा सोडीत नसे आणि तरीही त्याला श्वास घेण्यास वाव राही. मग जवसाचें तेल. वऱ्हाडांत जवस रब्बीचें पीक; त्याचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होतें आणि लांकडावर पातळ कवच धरतें. दोनतीन हात तेल पाजलें कीं सागाचा मूळचा रंग खुलून येई.

या संथ व्यवस्थेंत खळबळ झाली ती कापसामुळें. खामगांवचा कापसाचा बाजार १८२० च्या सुमारास सुरू झाला. १८५३ च्या तहानें वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हातीं आला. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेस जाणें बंद पडलें, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुख्य वाट वऱ्हाडांतून नागपूरपर्यंत पोंचली. ती खामगांवापासून दूर राहिली होती. म्हणून जलंबपासून खामगांवापर्यंत सुमारें आठ मैलांचा स्वतंत्र फांटा टाकण्यांत आला. १८७० सालीं त्याच्या उद्घाटनासाठीं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवास आले होते. एका कापूस-बाजारासाठीं हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयानें यावें, यावरून त्या वेळच्या खामगांवचें महत्त्व दिसतें. १९०१ च्या खानेसुमारींत गांवची वस्ती १८,३४१ भरली, आणि वऱ्हाडांतील कापसाच्या बाजारांत त्याचा क्रम दुसरा लागत होता.

रोकड पैसा आला, तेव्हां खळ्यावरच्या राशीचा मान गेला. जो शेतकरी ज्वारीऐवजीं कपाशी पेरूं लागला, त्याच्याकडे सुताराला द्यावयास दाणे उरेनात. आणि सुतारालाही आतां बाजारांत सर्व कांहीं पैशानेंच घ्यावें लागे. सरकी काढण्याच्या आणि गठ्ठे दाबण्याच्या कारखान्यांना लांकूडकाम जाणणारीं माणसें हवीं होतीं. रोजंदारीवर गेलेला सुतार तेथें मिस्त्री झाला. बलुत्याचा बांध तुटल्यानें तो मोकळा झाला हें खरें. परंतु गांवानें त्याची जी आजन्म हमी घेतली होती, तीही त्याबरोबरच गेली. याच आगगाडीनें तारेचे खिळे, पेंचाचे स्क्रू आणि बंदरावर उतरलेला ब्रह्मदेशी साग वऱ्हाडांत आणला. सामत्याची जागा गिरमिटानें घेतली. मेखेच्या जागीं खिळा आला, कारण तो लौकर ठोकतां येतो. रोजावर काम करणाऱ्याला वेळेचा हिशेब द्यावा लागतो. खळ्यावर दाणे घेणाऱ्याला तो द्यावा लागत नव्हता.

कचेऱ्या, वकिलांच्या बैठकी, दवाखाने आणि शाळा यांबरोबर टेबल-खुर्ची आली. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी कुळांतला आणि ‘मेज’ फारसी. म्हणजे वस्तु अगदींच अनोळखी नव्हती. पण ती दरबारांत होती, घरांत नव्हती. आतां ती ओसरीवरून दिवाणखान्यांत शिरली, आणि खुर्चीवर बसलेल्या पाहुण्याच्या हाताशीं चहाचा पेला ठेवण्यासाठीं एका मधल्या उंचीच्या वस्तूची निकड भासूं लागली. ती वस्तु म्हणजे टीपॉय. हें नांव ऐकून तें चहावरून पडलें असावें, असें कोणासही वाटेल. खुद्द इंग्रजांनाही तसेंच वाटलें. पण १८८६ सालीं यूल आणि बर्नेल यांनीं ‘हॉब्सन-जॉब्सन’ नांवाचा जो प्रसिद्ध कोश छापला, त्यांत या समजुतीचें निरसन केलेलें आहे. मूळ शब्द हिंदुस्थानी ‘तिपाई’. म्हणजे आमच्या तिवईचीच बहीण. कंपनीच्या काळांत तो साहेबांच्या तोंडीं बसला, जहाजांतून विलायतेस गेला, आणि तेथें चहाच्या नांवाशीं असलेल्या ध्वनिसाम्यामुळें त्याचा अर्थच पालटला. लंडनच्या दुकानांत चहाची पत्ती ठेवण्याच्या पायांच्या पेटीला टीपॉय म्हणूं लागले. मग तोच शब्द नवा कोट घालून स्वदेशीं परतला, आणि घरांत आजीची तिवई उभी असतांना नातवंडें दुकानांतून टीपॉय आणूं लागलीं.

दुकानचा टीपॉय सर्वांनाच परवडत होता असें नाहीं. मध्यम स्थितींतील घरांनीं त्यावर आपला उपाय काढला. रॉकेलचे दोन चौकोनी डबे एका देवदारी खोक्यांत भरून येत. डबे रिकामे झाले कीं त्यांत धान्य भरावें, आणि खोकें उभें करून, आंत एक फळी ठोकून, वरून छापील कापडाचा पडदा सोडावा: झालें लहानसें मेज. त्यावर आरसा, फणेरपेटी, क्वचित् तसबीर. मराठी सुशिक्षित घरांतील माणसानें स्वतःच्या हातीं हातोडी घेऊन केलेलें लांकूडकाम बहुधा याच खोक्यापासून सुरू झालें. तें ओबडधोबड होतें, पण त्यांत एक जुनी अढी सुटत होती. लिहिणारानें लांकडाला हात लावावयाचा नाहीं आणि लांकूड घडविणारानें लिहावयाचें नाहीं, अशी विभागणी समाजांत शतकानुशतकें चालत आलेली. लोकहितवादींनीं १८४८ नंतरच्या आपल्या शतपत्रांतून उद्योगाविषयींच्या आमच्या अनास्थेवर कोरडे ओढले होते. तरी शाळा निघाल्या त्या कारकून घडविणाऱ्याच.

युरोपांत याच काळीं उलट विचार पुढें आला होता. फिनलंडमध्यें यूनो सिग्नेउस यांच्या पुरस्कारानें १८६६ पासून लोकशाळांत हस्तव्यवसाय आवश्यक झाला. आणि स्वीडनमधील नेस येथें ऑटो सालोमन यांनीं शिक्षकांना लांकूडकाम शिकविण्याची शाळा चालविली, तींत देशोदेशींचे शिक्षक येत. ‘स्लॉइड’ या नांवानें ती पद्धति प्रसिद्ध आहे. मुलानें निरनिराळे सांधे नुसते गिरवीत न बसतां, घरांत उपयोगी पडेल अशी एक पुरी वस्तु आरंभापासून शेवटपर्यंत स्वतः करावी, हें तिचें सूत्र. आपल्याकडे या विचारानें वेग घेतला तो स्वदेशीच्या चळवळीनंतर. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांचें समर्थ विद्यालय १९०६ सालीं निघालें आणि १९१० सालीं सरकारनें तें बंद पाडलें. पण राष्ट्रीय शिक्षणाची कल्पना बंद पडली नाहीं. खामगांवचें टिळक राष्ट्रीय विद्यालय हें त्याच कल्पनेचें अपत्य होय. नागपुराहून निघणाऱ्या ‘उद्यम’ मासिकानें घरगुती उद्योगांचे धडे मराठी घरांत पोंचविले. साबण, शाई आणि लांकूडकाम हे विषय त्यामुळें शिकलेल्या माणसाच्या गप्पांत येऊं लागले.

या सर्वांचा कळस झाला तो वऱ्हाडच्या शेजारींच, वर्ध्यास. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यांत २२ व २३ तारखांस तेथें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्यानंतर योजना सादर केली. सात वर्षांचें सक्तीचें शिक्षण मातृभाषेंतून आणि एखाद्या मूलोद्योगाच्या द्वारें द्यावें, असें तिचें धोरण. मूलोद्योगांच्या यादींत कताई-विणाई आणि शेती यांच्या जोडीला सुतारकामही होतें. चौरंग करतांना मुलाला माप कळतें, म्हणजे गणित येतें. लांकूड कोठलें हें विचारतांना भूगोल येतो. तें कां फुगतें हें पाहतांना विज्ञान येतें. आणि तें कोण घडवीत आलें हें समजतांना समाज कळतो, असा त्या योजनेचा विश्वास. मध्यप्रांत-वऱ्हाडांत याच सुमारास पंडित रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजनाही पुढें आली. परंतु वर्ध्याच्या परिषदेंतच प्राध्यापक के. टी. शहा यांनीं स्वावलंबनाच्या कलमावर आक्षेप घेतला होता. शाळेंतील मुलांनीं केलेला माल विकून शिक्षकाचा पगार निघावा, हें तें कलम. असा माल बाजारांत आला तर खऱ्या कारागिराच्या पोटावर पाय येईल, अशी धास्ती त्या काळीं उघड बोलून दाखविली गेली.

हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. बलुत्यांतून सुटलेला सुतार आधींच कारखान्याच्या दारांत उभा होता. त्याच्याजवळ जमीन नव्हती, शिक्षण नव्हतें. होती ती एक विद्या, आणि तीच आतां वकील-डॉक्टरांच्या मुलांना फुकट शिकवावयाची होती. त्या मुलांना ती विद्या चरितार्थासाठीं नको होती. मग शाळेनें सुताराला काय दिलें? जेथें त्यालाच मानधन देऊन शिक्षक नेमलें, तेथें त्याला प्रतिष्ठा मिळाली. जेथें पुस्तकी शिक्षकाच्या हातीं रंधा दिला, तेथें मुलें सुतारकाम शिकलीं नाहींत आणि सुताराविषयींचा आदरही शिकलीं नाहींत. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षणाचा जोर हळूहळू ओसरला. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें ‘कार्यानुभव’ हा शब्द पुढें आणला, आणि महाराष्ट्राच्या शाळांत तो वेळापत्रकांतील एक तास होऊन बसला. विद्येची अशी तासिका झाली, म्हणजे तिचें काय होतें हें सांगावयास नको.

तरीही घरीं तिवई करूं पाहणारा माणूस संपलेला नाहीं. आज बाजारांत लांकडाचा भुसा दाबून केलेल्या पाट्या मिळतात. त्या सांध्याशिवाय जोडतां येतात आणि एकदोन पावसाळे पाहिल्यावर कडांनीं फुगतात. त्यांना कंटाळून एखादा गृहस्थ जुन्या दाराची सागवानी फळी उतरवितो आणि सुटीच्या दिवशीं आंगणांत करवत घेऊन बसतो. ही निवड शहाणपणाची आहे, कारण पन्नास वर्षें हवा खाल्लेलें लांकूड पुरें मुरलेलें असतें. पहिल्या दिवशीं त्याला कळतें कीं, सरळ कापणें अवघड आहे. दुसऱ्या दिवशीं कळतें कीं, काटकोन म्हणजे काय तें शाळेंत पाठ केलें होतें, समजलें नव्हतें. तिसऱ्या दिवशीं चौकट उभी राहते आणि डुगडुगते. तेव्हां तो लांब पायाला खालून रंधा मारूं लागतो. एक पाय कमी झाला कीं दुसरा लांब वाटतो, आणि तिवईची उंची दिवसेंदिवस घटत जाते. अखेर तो गल्लींतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री पाय कापीत नाहीं. तो चौकट सपाट दगडावर ठेवतो, कोपऱ्यांतून कोपऱ्यांत दोरी धरून दोन्ही कर्ण मोजतो आणि सांगतो कीं पाय बरोबर आहेत, सांधा वांकडा बसला आहे. एक मेख काढून, चौकट दाबून, ती पुन्हां ठोकतो. काम पांच मिनिटांचें, पण त्या पांच मिनिटांमागें चाळीस वर्षें असतात.

घरीं लांकूडकाम करण्याचा खरा लाभ या ठिकाणीं आहे. त्यानें सुताराची मजुरी वांचत नाहीं. उलट ती आजवर किती कमी दिली गेली, हें हातांना फोड आल्यावर कळूं लागतें. ज्यानें एकदां कुसू काढला, तो पुढें सुताराशीं भाव करतांना जरा थबकतो. वर्ध्याच्या योजनेचा हेतु यशस्वी झाला कीं फसला, याचा निर्णय शिक्षणखात्याच्या अहवालांत शोधण्यापेक्षां अशा थबकण्यांत शोधणें अधिक योग्य होईल.

खामगांव आज रजतनगरी म्हणून ओळखलें जातें. तेथील चांदीला दूरदूरचें गिऱ्हाईक आहे. देवघरासाठीं चांदीचा चौरंग घ्यावयाचा तर तो बहुधा सबंध चांदीचा नसतो. आंत लांकडी चौरंग असतो आणि त्यावर नक्षीचा पत्रा मढविलेला असतो. सोनाराच्या कामाची वाखाणणी सर्वजण करतात, आणि ती योग्यच आहे. परंतु पत्रा कितीही जाड असला, तरी देवाचा भार वाहतात ते आंतले चार पाय आणि त्यांतले आठ कुसू. ते कोणीं बसविले, हें नांव मात्र त्यावर कोरण्याची चाल नाहीं. चौरंग विकत घेतांना एकदां तो उलटा करून पाहावा आणि खालचे सांधे बोटांनीं चांचपून पाहावेत; मेख हातीं लागली तर तो कोणा जाणत्यानें घडविला आहे असें समजावें, आणि दुकानदाराला त्या सुताराचें नांव विचारावें.